बरकतीची वीट

“एका विटेसाठी मले चक्कर! अवो, एका विटेसाठी!”

सुगंधाबाई माझ्या कानाशीच कुरकुरत होती. आम्ही दोघी एकाच निंबाच्या सावलीला टेकलो होतो आणि ती सावली दोघींना पुरेल एवढी नव्हती.

“साऱ्या बाया सात-सात विटा डोक्यावर घेऊन ठुमकत गेल्या. शेवटी उरली एक. मंग कोण जाईल? सुगंधा जाईल! चुंबळ करून एक वीट नेली मी डोक्यावर, जसा काई देवच चालला मिरवत. त्या पोट्ट्या दात काढून हासल्या.”

“आधी आठ-आठच्या थप्प्या लावल्या होत्या, तवा बी एकच उरली होती,” मी म्हटलं.

“अन् त्याच्या आधी दहा-दहाच्या? तवा बी एक! कशीबी रचा वो बाई, एक आपली उरलेलीच.” आणि ती एकदम गप्प झाली. समोरून मनकर्णा येत होती.

मनकर्णा माझी नणंद. नागभीडला दिलेली. ती माहेरी ‘चार दिवस राहायला’ आली, त्यानंतर तिनं परसात लावलेल्या आंब्याला कैऱ्या धरल्या, पण आमच्या घरातले ते चार दिवस काही सरले नव्हते. कोणी विचारलं की आमचे हे, म्हणजे दादाजी, पायाच्या अंगठ्याकडे बघून सांगायचे, “चार दिवस आली हाये. बोलावणं येईल सासरचं.” सासूबाईंनी मरेपर्यंत हेच सांगितलं. तिकडे नागभीडात काय झालं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेली गोष्ट न बोलण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरणार नाही. म्हणून तिच्यासमोर कोणी ‘उरली’ म्हणत नसे, ‘टाकली’ म्हणत नसे. विटेलासुद्धा नाही.

मनकर्णेला आकड्यांचं वेड. लग्नाआधी सातवीची परीक्षा पास झालेली, पण हे वेड शाळेतलं नव्हे. आकडे तिच्या ओळखीचे होते, जशी मला गावातली माणसं. कोण कोणाच्या घरचं, कोणाचं कोणाशी जमतं, कोण कोणाच्या दारात जात नाही. तांदूळ निवडता निवडता ती मला सांगायची, “वैनी, काही आकडे दाते असतात. बाराचं पाह्य. दोघं आले, तिघं आले, चौघं आले, सहा आले, साऱ्याइले सारखं वाटून देते. अन् तेरा? तेरा एकांडा. कोनाले आत येऊ देत नाई.” काही आकडे चौरस असायचे. नऊ, सोळा, पंचवीस. त्यांची पाटासारखी बैठक जमते म्हणून. आमच्या घरात पाहुण्यांची संख्या एकांडी निघाली की ती भाकरी वाढताना हसायची आणि का हसते ते फक्त मला कळायचं.

ज्या वर्षी आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला (आम्ही मात्र कुरखेड्याच्या वाटेवर होतो तिथंच राहिलो), त्या वर्षी गावात मुलींची वेगळी शाळा मंजूर झाली. मागं मुलग्यांच्या शाळेत एक शिक्षिका आली होती. जंगल बघून ती पुढच्या बाजाराला परत गेली. आता नव्या शाळेला बाई हवी होती आणि मनकर्णेला ती जागा हवी होती. एवढंच काय ते तिनं इतक्या वर्षांत तोंडानं मागितलं होतं. शाळातपासनीस गुणवंतराव साहेब उद्घाटनाला येणार होते आणि त्याच दिवशी ते ठरवणार होते.

शाळेपुढं मुलींना बसायला एक मोठा ओटा करायचा होता. खैरुनबीची वीटभट्टी होती. नवऱ्याच्या मागं तीच चालवायची. तिनं सांगितलं, मुलींच्या शाळेला फरशीच्या चपट्या चौकोनी विटा मी फुकट देते, आकडा सांगा. सांधा धरून अर्ध्या फुटाची एक वीट. बापूजी पाटील गावच्या शाळा समितीचे मुख्य. ते म्हणाले, द्या हजार-पाच हजार. तेव्हा मनकर्णा पहिल्यांदा समितीपुढं बोलली.

“पाच हजार चाळीस द्या. लांबी बहात्तर विटा, रुंदी सत्तर.”

“चाळीस कायले वर?” बापूजींनी विचारलं.

“हा साऱ्यात मोठा दाता हाये, पाटील. दोनापासून दहापर्यंत कोनताबी पाढा घ्या. पोट्टी पहिल्या विटेपासून पाढा म्हनत उड्या मारत निघाली, तं शेवटच्या विटेवर तिचा पाय पडलाच पायजे. दोनानं निघो, सातानं निघो, नवानं निघो. एकबी पाढा उपाशी जात नाई.”

“अन् अकराचा?” बापूजी हुशार होते, मान्य केलं पाहिजे.

“अकराचा उपाशी जाते,” मनकर्णा खाली मान घालून म्हणाली. “घर कितीबी मोठं असो, एक पाहुणा असाच जाते.”

लोक हसले आणि आकडा ठरला. पण बापूजींनी जाता जाता सांगितलं, “पोरी, हिशेब तुहा हाये. चुकला तं साहेबाले मीच सांगीन.”

विटा आल्या. भट्टीवर मोजणी झाली तेव्हा बापूजी स्वतः उभे होते. पाच हजार चाळीस, बरोबर. मग आमच्या बायकांचं रचणं, पडणं, पुन्हा रचणं, आणि ती सुगंधाबाईची मेली एक वीट.

आता तो दिवस उजाडला होता. दुसऱ्या दिवशी साहेब येणार, आज विटा बसवायच्या. ओट्याचा पाया आणि चारही बाजूंची उंच चुन्याची कड सुकलू गवंड्यानं बांधून ठेवली होती. सुकलू म्हणजे गावातला सगळ्यात शांत माणूस. भावाभावांची वाटणी असो की सासू-सुनेची चूल, लोक त्यालाच बोलवत. मनकर्णेनं कडेच्या आत लांबीला एक ओळ विटा मांडल्या, रुंदीला एक मांडली. मग उभी राहून तिनं दोन्ही ओळी पुन्हा मोजल्या.

“सुकलूभाऊ, हे एकाहत्तर अन् हेबी एकाहत्तर?”

“हो जी,” सुकलू खूश होऊन म्हणाला. “तुमी सांगतलं होतं एक बाजू छत्तीस फूट, एक पस्तीस. मले वाटलं, सांगनाऱ्याच्या तोंडून चुकलं. एका बाजूले जास्त, एका बाजूले कमी, असा ओटा चांगला दिसते का? मोठ्याचं अर्धा फूट काढलं, लहान्याले देल्लं. दोघंबी सारखे. भांडनच नाई.”

बापूजी बोलले. “मंग बिघडलं काय? बहात्तर अन् सत्तर, एकशे बेचाळीस. एकाहत्तर अन् एकाहत्तर, एकशे बेचाळीस. तेवढ्यालेच तेवढं.”

“तेवढ्यालेच तेवढं नाई होत, पाटील. एक वीट कमी पडते.”

“कशी पडते? पडली तं तुहा आकडा चुकला म्हन!”

जमलेल्या बायाबापड्यांत कुजबुज झाली. मला खरं सांगायचं तर मलाही बापूजींचंच बरोबर वाटत होतं. एकाकडून घेतलं, दुसऱ्याला दिलं, त्यात नासलं काय? भट्टी थंड झाली होती, पावसाळा तोंडावर, तसला साचा फक्त याच विटांसाठी केलेला. ओट्याच्या कोपऱ्यात एक भोक राहिलं तर चुन्यानं लिंपता आलं असतं, पण ते लिंपलेलं भोक जन्मभर ‘मनकर्णेचं भोक’ म्हणूनच राहिलं असतं. आणि ते उद्या साहेबाला दाखवायला बापूजींचं बोट तयारच होतं. आमचे हे तिकडे बांबूचा मांडव बांधत होते. त्यांचे हात थांबले, पण ते आले नाहीत.

मनकर्णा खाली बसली. तिनं आठ विटा घेतल्या आणि धुळीत मांडल्या. लांबी चार, रुंदी दोन.

“सुकलूभाऊ, आता याचा न्याय करा. लांबीतून एक ओळ काढा.”

सुकलूनं टोकाची ओळ काढली. दोन विटा त्याच्या हातात आल्या.

“आता त्या रुंदीले द्या.”

राहिलेल्या विटा आता लांबीला तीन, रुंदीला दोन होत्या. सुकलूनं हातातल्या दोन विटा बाजूला लावल्या. ओळ भरेना. तीनची जागा, विटा दोन. कोपऱ्यात एक भोक, दातपडक्या पोरासारखं.

“आँ?” सुकलू म्हणाला.

“काढली तवा दोनची ओळ निघाली. घालाले तीनची लागते. तिकडं सत्तरची निघाली, घालाले एकाहत्तरची लागते.” तिनं पुन्हा मांडलं, नऊ आणि सात. त्रेसष्ट विटा लागल्या. मग आठ आणि आठ. पुन्हा कोपऱ्यात एक भोक. “कितीबी मोठं घ्या, पाटील. असा न्याय केला की एक वीट कमी पडतेच. ना दोन, ना अर्धी. एक.”

बापूजी उकिडवे बसले. स्वतःच्या हातानं सहा आणि चार मांडून बघितलं, मग पाच आणि पाच. धोतर झटकत उठले आणि म्हणाले, “हे तं भारी हाये गा.” हा माणूस खडूस होता, खोटा नव्हता.

“म्हंजे मी जन्मभर वाटन्या करत आलो,” सुकलू म्हणाला, “अन् परतेक वेळी कोनाची तरी एक वीट खाल्ली?”

सगळे हसले. मनकर्णा हसली नाही. आकडा तिचा बरोबर होता, हे आता सगळ्यांना पटलं होतं. पण बरोबर आकड्यानं भोक बुजत नाही. तिचा सगळ्यांना वाटून देणारा दाता चौरस होण्याला एका विटेनं अपुरा होता, आणि ती एक वीट आणायची कुठून?

तेव्हा माझ्या शेजारून सुगंधाबाई फिसकारली. “कमी पडते म्हंता? अवो, सकाळपासून मी कोनाच्या नावानं बोंबलून राह्यली? एक उरते! उरते!”

मनकर्णेनं वर बघितलं. “किती-कितीच्या थप्प्या होत्या?”

“दहाच्या. एक उरली. आठाच्या. एक उरली. डोक्यावर सात-सात नेल्या, अन् शेवटची एक माह्या डोक्यावर.”

मनकर्णेचा चेहरा कसा उजळला ते मला लिहिता येणार नाही. चुलीत ओलं लाकूड धुमसत असावं आणि एकदम पेटावं, तसं काहीसं. “दहानं एक, आठानं एक, सातानं एक,” ती पुटपुटली. “दात्याच्या दारातून सारे तृप्त होऊन जातात, अन् वरून एक उरते. वैनी, पाच हजार चाळीस नाईत! पाच हजार एक्केचाळीस हायेत!”

“कसं शक्य हाये?” बापूजी उसळले. “माह्यासमोर मोजल्या. खैरुनबीनं पहिली वीट उचलली, म्हनाली ‘बरकत’. मंग मोजत गेली, पाच हजार चाळीसपर्यंत.”

आता आमच्याकडे धान मोजताना पहिल्या पायलीला कोणी ‘एक’ म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं पुढं. एक म्हटलं तर लक्ष्मीला वाटतं, एवढंच? तेव्हा बापूजींच्या कानाला ‘बरकत’ म्हणजे आपला ‘लाभ’च ऐकू आला. एकाच्या जागी. आमच्यापैकी कोणालाही तसंच ऐकू आलं असतं.

“पुढचा आकडा काय म्हनाली, पाटील?” मनकर्णेनं विचारलं. “दोन का एक?”

बापूजींनी डोकं खाजवलं. कोणीतरी पळत जाऊन खैरुनबीलाच घेऊन आलं. ती ओढणी सावरत, धापा टाकत आली, आणि भांडायच्या तयारीनंच आली.

“क्या हुआ? कम पडी क्या मेरी ईंट?”

“नाई वो काकी. बरकतची वीट मोजन्यात हाये का बाहेर?”

खैरुनबीनं तिच्याकडे असं बघितलं, जसं कोणी विचारावं की भाकरी तोंडानं खातात की कानानं. “बाहेर! बरकत मोजली तं ते बरकत काहेची? पहिली वीट अल्लाच्या नावानं बाजूले, मंग एक, दोन, तीन. माह्या सासऱ्यापासून असंच हाये. गिऱ्हाईकाले वरून एक जाते. तुमाले कोनी सांगतलं नाई का आजपर्यंत?”

आमच्या घराच्या भिंती तिच्याच विटांच्या. पण घर बांधताना कोण मोजतं? उरली वीट की चुलीला लागते.

त्यानंतर ओट्यावर जे काम झालं, ते काम नव्हतं, लग्नघर होतं. सुकलू आणि त्याचे गडी चुना पसरत होते, बाया विटा देत होत्या, खैरुनबी कमरेवर हात ठेवून, कोणती वीट तिरकी बसली ते दोन भाषांत सांगत होती. बापूजींनी पागोटं काढून ठेवलं आणि चुन्यात हात घातले. एकेक ओळ भरत आली. शेवटच्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन राहिला, आणि जमिनीवर एकच वीट.

“सुगंधाबाई,” मनकर्णा म्हणाली, “तुमीच आनली ना डोक्यावर? तुमीच बसवा.”

सुगंधाबाईनं पदर खोचला. वीट बसली. सुकलूनं मुठीनं ठोकली तेव्हा असा घट्ट आवाज आला की पोरींनी टाळ्या पिटल्या. एकाहत्तर इकडून, एकाहत्तर तिकडून. ना भोक, ना शिल्लक.

दुसऱ्या दिवशी गुणवंतराव साहेब जीपमधून आले. हार झाले, आंब्याच्या पानांचं तोरण कापून झालं. बापूजींनी भाषणात साहेबांना विटांची हकिकत सांगितली (लांबी-रुंदीचे आकडे तेवढे राहून गेले), स्वतःची चूक तिखटमीठ लावून सांगितली. साहेबांना मनकर्णेचं एवढं कौतुक वाटलं की त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

“पाच हजार एक्केचाळीस,” ते म्हणाले. “दोनापासून दहापर्यंत प्रत्येक वेळी एक बाकी. मग ही मूळ संख्या असणार. कशानंच भाग जायचा नाही.”

“आमी त्याले एकांडी म्हंतो, साहेब,” मनकर्णा म्हणाली. “पन हे एकांडी नाई.”

“नाही? थांबा, सांगू नका!” साहेब शाळकरी पोरासारखे उठले आणि ओट्यावर येरझारा घालत मनातल्या मनात भागाकार करू लागले. “अकरा... नाही. तेरा, नाही. सतरा...” पोरी त्यांच्या मागं मागं. एकतीसपर्यंत गेले, सदतीसपर्यंत गेले, घाम पुसला. कडेला येऊन थांबले. खाली बघितलं. समोरची ओळ टोकापर्यंत बघितली. मग आडवी ओळ बघितली.

“अहो!” ते ओरडलेच. “मी उत्तरावरच उभा आहे की!”

असा हशा मी त्या गावात पुन्हा ऐकला नाही. साहेब सगळ्यात मोठ्यानं हसत होते. “एकाहत्तर गुणिले एकाहत्तर! आणि एकाहत्तर?”

“ते एकांडी. म्हनून या आकड्याच्या घरात तिघंच राह्यतात. एक, एकाहत्तर, अन् तो सोता. अन् अलीकडचा पाच हजार चाळीस हाये ना, त्याच्या घरात साठ मानसं.”

“एका विटेच्या अंतरावर एक घर साठ माणसांचं आणि एक तिघांचं,” साहेब म्हणाले. “पण बाई, मुलींच्या पाढ्यांचं काय? आता तर एकही पाढा शेवटच्या विटेवर पोचणार नाही.”

“नाई पोचत,” मनकर्णा म्हणाली. “दहापर्यंतचा कोनताबी पाढा शेवटच्या विटेच्या अलीकडं आनून सोडते. शेवटचं एक पाऊल पोट्टीनं आपल्या पायानं टाकाचं. मले तं हे जास्त आवडलं.”

साहेब बापूजींकडे वळले. “मला बाई मिळाली. आजच नाव पाठवतो.” बापूजींनी मान डोलावली.

“फक्त एक,” साहेब म्हणाले. “मागच्या बाईंसारखं व्हायला नको. मुलींना जीव लावायचा आणि निघून जायचं. मला राहणारं माणूस हवं. गावात शिरताना कोणी म्हणालं की या इथं पाहुण्या आहेत, चार दिवसांसाठी. खरं का? आपण इथं किती दिवस आहात, बाई?”

भावाच्या घरात आपण कोण, हे बहिणीनं कसं सांगायचं? मनकर्णेनं आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. सगळ्यांनीच कुठंतरी बघितलं. बापूजींना खोकला आला. सुगंधाबाईचा पदर नीटच होता, तो तिनं पुन्हा नीट केला. सुकलू ओट्याच्या कडेला चिरा शोधू लागला. नव्या कडेला कुठल्या चिरा?

आमचे हे मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. ते खांब सोडून पुढं आले. चपला काढून ओट्यावर चढले. अंगठ्याकडे बघितलं, सवयीनं. मग वर बघितलं.

“साहेब, चार दिवसाची गोस्ट खोटी हाये. मीच सांगत होतो साऱ्याइले. नवऱ्यानं दुसरी केली, हिले टाकलं. बोलावणं येत नाई. अन् आता आलं, तरी मी धाडत नाई. माही बहीन पाहुनी नाई, साहेब. मनकर्णा इथीच राह्यते.”